सातच्या खाली

यंत्राच्या पडद्यावर उत्तर आलं तेव्हा संयोगिता एका हातानं केसांची क्लिप सारखी करत होती. सातच्या खाली. याला आकडा तरी कसं म्हणायचं? सत्तर ते चारशे हा चांगल्या माणसाचा आकडा, आणि सातपेक्षा कमी असलं की हे यंत्र पुढं मोजायच्या भानगडीतच पडत नाही, नुसतं 'सातच्या खाली' म्हणतं आणि मोकळं होतं. तिनं क्लिप नीट लावली, चष्मा नाकावर वर ढकलला आणि पुन्हा वाचलं. नमुन्याच्या नावाच्या जागी 'सं.' असं तिच्याच हातचं अक्षर होतं. रक्त तिचंच. राजारामपुरीतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये ती अकरा वर्षं रक्त तपासत होती आणि अकरा वर्षं इथली एक पद्धत होती. नवीन किट आलं की ते पारखायला त्याच्यासोबत आलेल्या नमुन्याच्या बाटलीवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा नाही, आधी घरचं रक्त लावून बघायचं. घरचं म्हणजे संयोगिताचं. साखर, युरिया, थायरॉइड, काहीही लावा, तिचं सगळं कसं जिथल्या तिथं. मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीण डॉ. वर्षाराणी, नव्या शिकाऊ पोरींना सांगायच्या, "नॉर्मल बघायचंय? ही बघा, चालती-बोलती." संयोगिता हसायची. बाईमाणसाला आयुष्यात कुणीतरी इतक्या ठामपणे बरोबर आहे म्हणावं, हे काही रोज होत नाही. फ्रिजच्या वरच्या खणात तिच्या रक्ताच्या छोट्या नळ्यांचा एक डबाच होता, आणि कुणाचाही रिपोर्ट शंकास्पद वाटला की हात आधी त्या डब्याकडं जायचा.

परवाही तसाच गेला होता. जोया नावाची सहा वर्षांची पोर, शिरोळकडची, बाप तोहिद शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. पोरीचा कान सारखा वाहतो, वर्षातनं तीनदा न्यूमोनिया, पोट तर कायम बिघडलेलं. अंगात रक्त चारावर आलं म्हणून महिन्यापूर्वी रक्ताची बाटली लावली, तर पाव बाटली जाते न जाते तोच अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. पोर वाचली. मुलांच्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी आयजीए, म्हणजे अंगाची राखण करणारं एक प्रथिन, तपासायला पाठवलं. हे अंगात नसेल तर काही माणसांना दुसऱ्याचं साधं रक्त सोसत नाही, ते धुऊन घेऊन द्यावं लागतं. जोयाचं उत्तर आलं, सातच्या खाली. किटसोबतची नमुन्याची बाटली कुरियरमध्ये सांडून आली होती, म्हणून संयोगितानं शेजारी स्वतःचं रक्त लावलं. आयजीएसाठी ते पहिल्यांदाच लागत होतं. तेही सातच्या खाली. म्हणजे प्रश्नच मिटला! किट बिघडलं. तिनं रिपोर्ट अडवला, 'किट सदोष, तपासणी पुन्हा करू' असं लिहिलं, कंपनीला खरमरीत फोन केला आणि घरी जाऊन मेथीची भाजी निवडली. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना माणसाचा हात कधी थरथरत नाही.

आज नवं किट आलं होतं, दुसऱ्या लॉटचं, बर्फात नीट गुंडाळलेलं. त्यावर तिनं आधी स्वतःचं रक्त लावलं आणि हे उत्तर आलं. मग तिनं काउंटरवरच्या स्वप्नालीला आत बोलावलं आणि दंडाला पट्टा बांधला. "काय मॅडम, मला काय झालंय?" स्वप्नाली घाबरली. "मी आत्ताच जेवून आलोय हां, साखर वाढलेली दिसंल." कोल्हापूरच्या पोरी अशाच, स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात. लग्न होऊन शिरोळला गेल्यावर संयोगिताही तसंच बोलायला लागली होती. नंतर ते तिनं शहाण्यासारखं सोडून दिलं. स्वप्नालीचं आलं दोनशे बारा. किट ठणठणीत होतं. मग राहिलेल्या नमुन्यातनं जोयाचं पुन्हा लावलं. सातच्या खाली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर बाकड्यावर तोहिद बसला होता. दुपारी आल्या आल्या त्यानं सांगितलं होतं की डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत, रिपोर्ट नाही आला तर चार वाजता गांधी उठू नयेत म्हणून सुया-बिया मारून, देवाचं नाव घेऊन साधीच बाटली लावणार. तेव्हा करायचं काय ते उघड होतं. फोन उचलायचा आणि सांगायचं, जोयाचं शून्य खरं आहे. दोन मिनिटांचं काम. संयोगिता बेसिनपाशी गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावला, धुतला, परत लावला.

कारण जोयाचं शून्य खरं, तर आपलंही खरं. आता या आयजीएची गंमत तिनं कितीतरी शिकाऊ पोरींना सांगितली होती. माणसाला वाटतं आपली कातडी म्हणजे आपली हद्द. पण नाक, घसा, फुप्फुसाच्या नळ्या, पोटातलं हातभर-वावभर आतडं, हे सगळं पोटात असलं तरी खरं बाहेरचंच. तिथून जग आत येतं, रोज, घासाघासाला, श्वासाश्वासाला. तिथं कातडी नाही, नुसतं ओलं अस्तर. आणि त्या ओलीत हे प्रथिन पाझरलेलं असतं. ते काय करतं? मारत नाही. हाणामारी करणारी मंडळी आत रक्तात वेगळी. लग्नाच्या मांडवात एखादा पिऊन आला तर शहाणी माणसं त्याला बडवत नाहीत. दोघं दोन बाजूंनी काखेत हात घालतात, गोड बोलतात आणि रस्त्यापर्यंत सोडून येतात. वऱ्हाडाला पत्ताही लागत नाही. हे तसं. जंतूला धरायचं, चिकटायचं, अस्तराला टेकू द्यायचं नाही, शेंबडातनं, विष्ठेतनं बाहेर वाटेला लावायचं. पोरी हसायच्या आणि लिहून घ्यायच्या. आणि ही गंमत सांगणारीच्या मांडवात आज बघावं तर दाराशी कुणीच नाही. गडहिंग्लजला शाळेत असताना तिला वर्गात शेंबडी म्हणायचे. बारा महिने नाक वाहायचं. आई तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी तिच्या उशाशी ठेवायची आणि म्हणायची, या पोरीला वारं सोसत नाही. पुढं सोसायला लागलं. हजारातल्या एखाद्यात हे नसतं आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर कळतही नाही, दुसरी प्रथिनं वेळ मारून नेतात, हेही तिनंच पोरींना सांगितलं होतं. आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. त्यामुळे पुढं बाळंतपणाला माहेर उरलं नाही. बाळंतपण शिरोळलाच झालं, सासूच्या, आक्कांच्या हाताखाली.

तिनं तिसऱ्यांदा साबण लावला. जांभळी वाटी तिला दिसायला लागली होती. प्लॅस्टिकची, काठाला चिरलेली, चटणीची. बाळंतपण अवघड झालं होतं, दुसऱ्या दिवशी ताप चढला, गावातल्या त्या चार खाटांच्या दवाखान्यात खिडकीबाहेर जास्वंद होती. आक्का तिच्या छातीतनं पिवळा घट्ट चीक वाटीत पिळत होत्या. "तीन दिसाचं दूध जड असतंय, पोरी. लेकराला पचत न्हाय. आमच्यात कुणी देत न्हाय." आणि त्यांनी खिडकीतनं हात बाहेर काढून ती वाटी जास्वंदीच्या बुडाशी ओतली, आणि बाळाच्या ओठाला गुळाचं पाणी लावलं. संयोगिताला बोलायचं होतं. तिला तर सगळं पाठ होतं, की त्या चिकात आयजीए ठासून भरलेलं असतं, की बाळाला स्वतःचं तयार करायला महिने लागतात, तोवर आईचंच उसनं, आतड्याला आतनं सारवून घेतल्यासारखं. पण जीभ उचलली नाही. ज्या घरात म्हैस व्याली तर रेडकाला आधी चीक पाजल्याशिवाय कुणी चहासुद्धा घेत नाही, त्या घरात माणसाच्या लेकराला ही तऱ्हा! मार्चमध्ये हे झालं. ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली. शाळेच्या हॉलमध्ये चारशे माणसं, दोन संडास, भीतीनं तिचं दूध आटलेलं, पिशवीतलं दूध आणि टँकरचं पाणी. बाळाला जुलाब लागले. होडीतनं न्यायला दीड दिवस गेला. राजवीर पाच महिने चार दिवसांचा होता.

रडणं-बिडणं झालं, दहावं झालं आणि बाराव्या दिवशी जेवणावळ उठल्यावर संयोगितानं सगळ्या बायकांसमोर, आवाज न चढवता, लॅबमध्ये रिपोर्ट सांगतात तसं सांगितलं, "आक्कांनी चीक सांडला. त्याच्या आतड्याला राखणच नव्हती." आक्का उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होत्या. त्यांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि पत्रावळ्या गोळा करत राहिल्या. एका अक्षरानं उत्तर दिलं नाही. उत्तर नाही म्हणजे कबुली, दुसरं काय? तोवर ती शिरोळहून लॅबला ये-जा करायची, महिन्याभरात ती नवऱ्याला घेऊन कोल्हापुरात राहायला आली. धैर्यशील दर शनिवारी एकटाच शिरोळला जातो, सोमवारी येतो. सहा वर्षं ती त्या घराची पायरी चढली नाही. तिनं कधी भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. तिला आक्कांचा राग येतो हेसुद्धा ती कुणाला सांगायची नाही. राग अंगाला लागू द्यायचा नाही, जरा अंतरावर धरायचा आणि रोज थोडा पुढं सरकवायचा. त्या रागाच्या आड ती बरी जगत होती. खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय ती त्या हॉलमध्येच राहिली असती.

आणि आक्काही अशा, की दरसाल म्हैस व्याली की खरवसाचा डबा पाठवायच्या. माझा चीक मातीत आणि म्हशीचा डब्यात! हा अपमान आहे की कोडगेपणा, हे तिला सहा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. डबा ती न उघडता लॅबमध्ये आणायची आणि स्वप्नालीला द्यायची. आजचाही, धैर्यशीलनं सकाळी टेबलावर ठेवलेला, पिशवीत तसाच होता.

तीन पंचवीस. तिला वाटलं, अजून एकदा लावावं. कदाचित आपल्याच नळीत काही बिघाड असेल, ताजं रक्त काढून लावावं, अर्ध्या तासाचा प्रश्न. हे वाटलं तेव्हा तिला स्वतःची भीती वाटली. आपल्याला किट खोटं ठरायला हवंय. एक पोर तिकडं पलंगावर पांढरीफटक पडली आहे, आणि आपल्याला हवंय काय, तर सहा वर्षांमागं त्या जांभळ्या वाटीत काहीतरी होतं असा पुरावा. तिनं नळ बंद केला.

मॅडम चहा घेत होत्या. संयोगितानं दोन्ही कागद पुढं ठेवले. "जोयाचा रिपोर्ट खरा आहे. डॉक्टरांना आत्ता फोन करा. धुतलेलं रक्त लागणार."

"अगं, पण परवा तर नॉर्मलसुद्धा शून्य आला होता. कसं काय?"

"मी नॉर्मल नाही, मॅडम."

मॅडमनी कागद बघितला, तिच्याकडं बघितलं, कप बाजूला सारला आणि फोन उचलला. त्या नंबर फिरवत असताना संयोगिताच्या मनात विचित्र विचार आला, की अकरा वर्षं या गावातल्या किती लोकांना आपण आपल्याशी ताडून आजारी ठरवलं असेल. नाही, तसं नाही, बाकीचं सगळं बरोबरच होतं. नुसतं एक नव्हतं. डॉक्टर पलीकडून बोलले. बाटली अजून लावली नव्हती. रक्तपेढीला धुतलेल्या पेशी सांगितल्या, सहापर्यंत मिळतील, तोवर पोर दम धरेल. मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "घरी जायचं तर जा गं." ती म्हणाली, "बाहेर त्यांना सांगून येते."

तोहिद उभा राहिला. नखांच्या कडांत फौंड्रीची काळी वाळू होती. तिनं त्याला सांगितलं, पोरीच्या अंगात काय नाही ते आणि आता काय करणार ते. मग म्हणाली, "हे परवाच कळलं होतं. मी किट खराब समजले. दोन दिवस माझ्यामुळं गेले."

 तो संतापणार असं तिला वाटलं. संतापला असता तर बरं वाटलं असतं. "आज कळलं न्हवं?" तो म्हणाला. "बाटली लावायच्या आधी कळलं, मग झालं की. पर मॅडम, ह्ये बरं हुईत न्हाय व्हय?"

"जन्मापासूनचं असतं. जपायला लागतं. पोट, छाती, कान. ताप अंगावर काढायचा नाही. रक्त द्यायची वेळ आली तर आधी सांगायचं, कार्डच करून देतात."

"तसं नव्हं. जगंल का ती? मोठी हुईल का? आमची हुसेनबी, पोरीची आई, रोज इचारतीया. मी काय सांगू?"

संयोगिता काउंटरला टेकली. "मला पण नाही ते," ती म्हणाली. "माझ्यात पण शून्य आहे."

"तुमच्यात?" तोहिदनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, अगदी बाजारात जनावर बघतात तसं, आणि त्याचं त्याला भानही नव्हतं. "आन् तुम्ही तर धडधाकट हाय की! शिकला, नोकरी करताय!" आणि तो हसायलाच लागला, डोळे पुसत. "थांबा, घरात सांगतो." तो जिन्यातच फोनवर ओरडायला लागला, की अगं हितल्या मॅडमला बी तसंच हाय, चांगली थोराड बाई हाय, काय बी झालेलं न्हाय. खाली रस्त्यापर्यंत त्याचा आवाज येत होता. काय बी झालेलं न्हाय. स्वप्नाली ओठ दाबून हसली. संयोगितालाही हसू आलं.

मग ती डबा घेऊन मागच्या गॅलरीत गेली. तिथं एसीचे पंखे गरम हवा सोडतात म्हणून कुणी येत नाही. तिनं फोन काढला. आक्कांचा नंबर तिच्याकडं होता, सहा वर्षांत कधी लावला नव्हता, पुसलाही नव्हता. पलीकडं बराच वेळ वाजलं.

"कोन?"

"मी. संयोगिता."

"धैर्याला काय झालं?" आक्का एकदम ओरडल्या.

"काही नाही. ते बरे आहेत. आक्का, मला एक सांगायचंय." आणि तिनं सांगितलं, शक्य तितकं सोपं करून, पण मध्ये थांबता येत नव्हतं. की बाळाच्या आतड्याला राखण म्हणून आईच्या दुधातनं जे जातं, ते माझ्या रक्तातच नाही. जन्मापासून नाही. आज कळलं. त्यामुळं दुधातही नसणार. त्याच्या बदली दुसरं काही उतरलं असेल, नसेल, आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तुम्ही ती वाटी ओतली, तिच्यात मी म्हणत होते ते नव्हतंच. "तो चीक त्याला पाजला असता, तरी—"

"पाजला हुता," आक्का म्हणाल्या.

पंखे घरघरत होते. संयोगितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय म्हणालात?"

"पाजला हुता म्हणतो मी. वाटी वतली ती पयली. एकच. नर्सबाईनं बघितलं आन् मला लई बोलली, तुमच्या रेडकाला देता आन् नातवाला न्हाय व्हय, म्हणाली. पटलं मला. तू तापात हुतीस, वळखत बी न्हवतीस. मी त्येला धरून तुझ्या अंगाला लावत हुतो. रात्रंदीस. तिन्ही दीस. लई वढायचा गं. वाटी वतताना तू बघितलीस. पाजताना तू शुद्धीत न्हवतीस."

"मग सांगितलं का नाही?" तिचा आवाज चढला, सहा वर्षांत पहिल्यांदा. "बाराव्याला मी सगळ्यांसमोर बोलले तुम्हाला. गावभर झालं. तुम्ही एक शब्द बोलला नाही!"

"काय बोलायचं?" आक्का म्हणाल्या. "सगळी इचारत हुती, कशानं गेलं, कशानं गेलं. म्हातारीनं चीक सांडला म्हणालीस, म्हणू दे. मला काय हुतंय? चीक पिऊन, आईच्या दुधावर असून बी गेलं म्हटलं असतं, तर समद्यांनी तुझ्याकडं बघितलं असतं. तू जगली असतीस व्हय?"

 पलीकडं कुठंतरी म्हैस हंबरली आणि आक्कांनी तिला 'हो, हो' केलं. नवं रेडकू असणार. 

"डबा पोचला का?" आक्कांनी विचारलं.

"पोचला."

"दरसाली तू त्यो वाटून टाकतीस म्हनं. धैर्या सांगतोय."

तिनं फोन खांद्यात धरला आणि डबा उघडला. पिवळसर, गुळाच्या वड्या, एका कोपऱ्यात पाणी सुटलेलं. तिनं एक वडी तोंडात घातली. 

"वेलदोडा जास्त झालाय, आक्का," ती म्हणाली.

"हुंदे की," आक्का म्हणाल्या. "खा."

"खातोय," ती म्हणाली.